साइटवर कानस फिरण्याआधी: रिव्हॉल्वरच्या दुरुस्तीत या चुका टाळा

वडिलांचं ३२ बोअरचं रिव्हॉल्वर माझ्या लायसन्सवर आलं तेव्हा नेमबाजीच्या रेंजवर १० मीटरवरून गोळ्या नेमापेक्षा ५ सेंटिमीटर खाली लागत होत्या. नाशिकमधल्या एका कारागिराकडे दिलं. परत मिळालं तेव्हा त्या १० सेंटिमीटर वर लागायला लागल्या. साइट म्हणजे नेम धरायची खूण, पुढे उभं पातं आणि मागे खाच. पुढच्या साइटच्या पात्याचा माथा कानशीनं तिरका घासलेला, ओरखडे झाकायला वर काळा रंग, आणि मागच्या साइटची खाच खोल केलेली. खूप वाईट वाटलं. वडिलांनी ती वस्तू चाळीस वर्षं तेल लावून जपली होती.

पहिली चूक माझीच होती. मी उभ्यानं तीन गोळ्या मारल्या आणि निकाल लावून मोकळा झालो. आधी ग्रुप बघायचा, म्हणजे एकाच नेमानं मारलेल्या गोळ्या किती जवळजवळ लागतात ते. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, घोडा मागे ओढून, एकाच पेटीतल्या किमान पाच गोळ्या मारा. त्या एका ठिकाणी येत असतील आणि ते ठिकाण चुकीचं असेल, तरच साइटकडे बोट दाखवा. विखुरल्या असतील तर दोष दुसरीकडे आहे. आपला हात तपासायचा एक सोपा उपाय आहे: रेंजवरच्या प्रशिक्षकाला एखाद्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकात, रिकामं काडतूस घालायला सांगा, कुठल्या ते तुम्हाला कळू देऊ नका. घोडा रिकाम्यावर पडला आणि नळीचं तोंड खाली झुकलं, तर गोळ्या खाली का जातात ते समजलं. असा हात असताना साइट घासून घेतली की एका चुकीवर दुसरी चढते.

दारूगोळाही बघा. रिव्हॉल्वरमध्ये जड गोळी नळीतून सावकाश निघते, तोवर धक्क्यानं नळी थोडी उचललेली असते, म्हणून जवळच्या अंतरावर ती बहुधा वर लागते. जी गोळी कायम वापरणार, तिच्यावरच साइट बसवायची.

आता हिशेब, कारण माझ्या मते इथेच सगळं बिघडतं. लक्ष्यावरची चूक गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. दोन साइटमध्ये १०० मिलिमीटर, लक्ष्य १० मीटरवर आणि गोळ्या ५० मिलिमीटर खाली असतील तर पुढचं पातं फक्त अर्धा मिलिमीटर कमी व्हायला हवं. माझ्या गोळ्या १५ सेंटिमीटर सरकल्या, म्हणजे कारागिरानं दीड मिलिमीटर उडवला होता. मोजायचा व्हर्नियर न लावता, डोळ्याच्या अंदाजानं. पातं घासलं की गोळी वर जाते. घासलेलं परत येत नाही. म्हणून वस्तू देण्याआधी पात्याची उंची मोजा, बाजूनं आणि मागून फोटो काढा, आणि किती कमी करायचं तो आकडा कागदावर लिहून द्या. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

खाच खोल करून तरी काय साधलं? काहीच नाही. नेम धरताना पात्याचा माथा आपण खाचेच्या दोन्ही खांद्यांशी समतल करतो, तळाशी नाही. मारा खाली आणायचा तर खांदे उतरवावे लागतात. खाच फक्त खोल केली तर मारा जागचा हलत नाही.

वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीच्या, गोळ्या भरायला बिजागरीवर मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये आणखी एक गोम आहे. मागची साइट लॅचवर, म्हणजे हत्यार बंद धरून ठेवणाऱ्या खिटीवर असते. लॅच झिजून हलायला लागली की साइटही हलते, आणि लॅचची ०.२ मिलिमीटर हालचाल वरच्याच हिशेबानं १० मीटरवर २ सेंटिमीटर होते. सगळी चेंबर रिकामी असल्याची दोनदा खात्री करून हत्यार बंद करा, लॅच अंगठ्यानं दाबून बघा, बिजागरीतला खेळ बघा. इथे खेळ असेल तर पात्याला हातही लावू देऊ नका.

वस्तू परत घेताना दुकानातच उजेडात धरा. मागून बघताना पातं सरळ उभं हवं, खाचेत दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसायला हवा. पातं डावीकडे कललं असेल तर गोळ्या उजवीकडे जातील. माथ्यावर चकाकी नको. रेंजवर नेमबाज साइटला कापराची काजळी धरतात ती त्याचसाठी. नंबर अस्पष्ट झालेला नाही ना तेही बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात हत्यारावरचा नंबर किंवा खूण मिटवणं गुन्हा आहे, आणि पॉलिशच्या नादात नंबरही घासला जाऊ शकतो.

काम बिघडलेलं दिसलं की "अजून थोडं घासून देतो" हे ऐकू नका. लक्ष्याचे कागद आणि मापं समोर ठेवा, झालेलं काम लिहून मागा. आणि नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या ओळखीच्या फिटरकडे जायचा मोह आवरा. मलाही झाला होता. तिथे मायक्रॉनमध्ये काम करणारे हात आहेत. पण हत्यार दुरुस्तीला त्याच कायद्याखाली वेगळं लायसन्स लागतं, तुमच्याबरोबर तोही अडकेल. द्राक्षबागेच्या बांधावर गोळी मारून बघणंही तसंच. चाचणी रेंजवरच.

छोट्या झालेल्या पात्यावर धातू चढवून घेऊ नका. चांदीच्या डाकाला ६०० अंशांहून जास्त उष्णता लागते, नळीच्या तोंडाचं ब्लूइंग, म्हणजे गंज रोखणारा निळसर काळा थर, जातं. मी दुसऱ्या परवानाधारक कारागिराकडून नवीन पातं पिनेवर बसवून घेतलं, मुद्दाम उंच ठेवून. गोळ्या ८ सेंटिमीटर खाली लागल्या, तेव्हा तो खूश झाला आणि मीही. मग दर फेरीला थोडं घासायचं, पाच गोळ्या मारायच्या, कागद त्याला नेऊन दाखवायचा. तीन फेऱ्या झाल्या. आता ग्रुप नेमाच्या एक सेंटिमीटर खाली येतो आणि मी त्याला कानस खाली ठेवायला सांगितली आहे.