जपानी नक्षीची व्हिक्टोरियन चांदी: घासण्याआधी या चुका टाळा

फॉईल, सोडा, उकळतं पाणी, पाच मिनिटांत चांदी लख्ख. जुन्या चांदीचं सर्वांत जास्त नुकसान याच घाईने होतं. १८७० ते १८९० च्या सुमाराला, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात, इंग्लंडच्या बर्मिंगहॅम आणि लंडनमध्ये जपानी धर्तीचे बांबू, करकोचे, पंखे, प्लमच्या फांद्या कोरलेले चमचे नि मासे वाढण्याचे सुरी-काटे निघाले. हे कोरीवकाम उथळ असतं. रेषांत साचलेल्या काळेपणामुळेच ते उठून दिसतं. सोड्याच्या पाण्यात तोच जातो आणि पृष्ठभाग मेल्यासारखा पांढुरका पडतो.

सुरी-काट्यांच्या जोडांची गत तर ठरलेली. चांदीची मूठ आतून पोकळ, राळेसारख्या मसाल्याने भरलेली. उकळत्या पाण्यात राळ फुगते, मुठीची शिवण उकलते, पातं डुगडुगतं. मग घरातलाच कोणी हौशी त्यात इपॉक्सी (दगडासारखा घट्ट होणारा गोंद) ओततो. पुढे दुरुस्ती करणाऱ्याला ती मूठ धड उघडताही येत नाही. मुठीला हस्तिदंत असेल तर गरम पाण्याने तोही तडकतो. (भारतात त्याच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे, हेही आधी लक्षात घ्या.)

कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ सुती फडकं आणि लगेच कोरडं पुसणं एवढं पुरतं. मूठ बुडवायची नाही. हट्टी डागावर कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड डिस्टिल्ड पाण्यात कालवून कापसाच्या काडीने लावा, तीही सपाट भागावरच. नक्षीतल्या पंख्यावर सोन्याचा मुलामा असेल तर त्याला हात लावू नका, तो थर फार पातळ असतो. टूथपेस्ट, राख, रांगोळी कुणी सुचवली तर हसून सोडून द्या.

दुसरा लाडका घोटाळा कुलचिन्हाचा. पिळवटलेल्या पट्टीवर सिंहाचं मुंडकं दिसलं की लगेच 'लॉर्ड अमुक'चा सेट! तेच मुंडकं कित्येक घराण्यांचं असतं. ढाल, बोधवाक्य किंवा आद्याक्षरं जोडीला नसतील तर घराणं ठरवू नका. आजूबाजूची नक्षी झिजलेली आणि चिन्हाच्या कडा मात्र धारदार असतील तर ते बहुधा नंतर कोरलंय. 'परक्यांचं चिन्ह नको' म्हणून घासून काढणं त्याहून वाईट: पत्रा तिथे पातळ होतो आणि अंगठ्याने हलकेच दाबलं तरी लवतो. विकत घेण्याआधी त्या जागी तोंडाची वाफ सोडा, पुसलेल्या चिन्हाची छाया अनेकदा उमटते.

शिक्के न बघता पैसे देऊ नका. चालता सिंह म्हणजे ९२५ ची (हजारात ९२५ भाग शुद्ध) चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि १८९० पर्यंत करभरणीच्या खुणेसाठी राणीचं मुंडकं. 'ई.पी.एन.एस.' म्हणजे निकेल-पितळी धातूवर चांदीचा मुलामा, मग विक्रेता काहीही सांगो.

तांब्या-पितळेचे मासे वा फुलपाखरं डकवलेली चांदी बहुतेक अमेरिकन. इंग्रजी हॉलमार्कच्या नियमांत ही मिसळ बसत नव्हती.

चमचे रबरबँडने बांधून किंवा लोकरीत गुंडाळून ठेवू नका, दोन्हींत गंधक असतं.