वनस्पतिसंग्रहातले जुने फोटो स्कॅन करताय? या चुका टाळा

वनस्पतिशास्त्र विभागात हर्बेरियमच्या, म्हणजे कागदी शीटवर चिकटवलेल्या वाळक्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटांबरोबर बरेचदा जुन्या फोटोंच्या पेट्याही असतात. त्यांत काचेच्या निगेटिव्ह असतात, पडद्यावर दाखवायच्या काचेच्या लँटर्न स्लाइड असतात, पिवळे पडलेले प्रिंट असतात. स्कॅनिंगची मोहीम निघते आणि सर्वांत मोठं नुकसान पहिल्याच दिवशी होतं: फोटो नव्या फोल्डरमध्ये, जुनी पाकिटं कचऱ्यात. संग्राहकाचा क्रमांक, ठिकाण, तारीख बहुतेक वेळा त्या पाकिटावरच असते. ती गेली की फोटोतलं झाड नुसतं झाड उरतं, पुरावा राहत नाही. म्हणून आधी पाकिटाच्या दोन्ही बाजू आणि प्रिंटची मागची बाजू स्कॅन करा, मग चित्र. कडा कापू नका.

जुनं शास्त्रीय नाव खोडून नवं लिहिणं ही तितकीच वाईट सवय. पळसाच्या फोटोवर ‘ब्युटिया फ्रॉन्डोसा’ असेल तर ते तसंच राहू द्या, शेजारी ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’ची चिठ्ठी जोडा. हर्बेरियम शीटवर आपण हेच करतो. फोटोला वेगळा न्याय कशाला?

ओळख पटवताना मात्र दोन सापळे आहेत. पहिला रंगाचा. सुरुवातीच्या काचेच्या निगेटिव्हना, म्हणजे प्लेटांना, निळा प्रकाश पटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे पळसाची केशरी फुलं काळपट येतात आणि निळी गोकर्ण पांढरट. गोकर्णीचा पांढरा प्रकार खरोखरच असतो, म्हणजे चूक सहज होते. सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, पण जुन्या प्रकारच्या प्लेटा पुढेही बरीच वर्षं वापरात होत्या. कृष्णधवल फोटोवरून फुलाचा रंग नोंदवू नका.

दुसरा सापळा उलट्या निगेटिव्हचा. करांदा आणि कोनफळ एकाच डायोस्कोरिया प्रजातीतले (जीनसमधले), पण त्यांचे वेल आधाराभोवती परस्परविरुद्ध दिशांनी वळतात आणि ओळखीच्या किल्लीत (लक्षणांवरून वनस्पती ओळखायच्या तक्त्यात) हे लक्षण महत्त्वाचं असतं. प्लेट उलटी स्कॅन झाली तर एकाचा दुसरा होतो! निगेटिव्हची मंद, बिनचकाकीची बाजू म्हणजे इमल्शन, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर. ती आपल्यापासून दूर धरली की चित्र सुलटं दिसतं. फोटोत लेबल असेल तर अक्षरं वाचून खात्री करा.

प्लेटांवर बुरशी दिसली की ओलं फडकं फिरवायचा मोह होतो. पावसाळ्यात जिलेटिन आधीच दमट असतं, चित्रच पुसलं जाईल. आधी कोरड्या खोलीत ठेवा, मग मऊ ब्रशनं फक्त काचेची बाजू साफ करा. शीटवरची कीड मारायला वापरतो त्या फ्रीझरमध्ये काचेच्या प्लेटा ठेवू नका, इमल्शन सुटतं. एकावर एक रचूही नका. कागदी पाकिटात, लांब कडेवर उभ्या ठेवा.

फिल्मला व्हिनेगरचा वास येत असेल तर ती बाकीच्यांपासून वेगळी काढा, हवाबंद प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. चिकट, तपकिरी झालेली जुनी नायट्रेट फिल्म मात्र स्कॅनरजवळ नेऊच नका. ती भडकन पेटते आणि पाण्यानंही विझत नाही. तज्ज्ञांना बोलवा.

आणि एक कळकळीची विनंती. वाळलेल्या शीटचे कंटाळवाणे फोटो ‘शीट तर आहेच’ म्हणून टाकून देऊ नका. शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी वनस्पतिशास्त्रज्ञ जे. एफ. मॅकब्राइड यांनी १९२९ पासून युरोपातल्या हर्बेरियममधल्या हजारो शीटचे फोटो काढले, बर्लिनचेही. मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचं हर्बेरियम बहुतांश जळालं. तिथल्या कितीतरी मूळ नमुन्यांसाठी (ज्यांवरून वनस्पतीचं नाव ठरलं त्या शीटसाठी) संशोधक आजही त्या फोटोंवरच विसंबतात.