सर्व्हर बूट होताना अडकतो? आधी नावाच्या शोधात किती वेळ जातो ते मोजा

वीज जाऊन परत आली की लिनक्स सर्व्हर आणि राउटर एकदमच चालू होतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ही वेळ नेहमीची. राउटरला लाइन मिळायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर सर्व्हर नावांचे पत्ते विचारत बसतो आणि उत्तर द्यायला कोणीच नसतं. हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्याचा सर्व्हर असो की इतवारीतल्या ठोक दुकानाचं बिलिंग मशीन, लक्षण एकच: एका ओळीवर थांबतं, मग आपोआप पुढे सरकतं.

डिस्क बदलायची घाई करू नका. डिस्क खराब असेल तर वेळ दरवेळी वेगळा लागतो. नाव शोधणारं मशीन मात्र ठरलेल्या मापाने थांबतं. लिनक्स प्रत्येक डीएनएस सर्व्हरसाठी (नावावरून पत्ता सांगणारं मशीन) ५ सेकंद वाट पाहतं आणि अशा २ फेऱ्या करतं. डीएनएस सर्व्हरचे पत्ते ठेवणाऱ्या रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलमध्ये दोन पत्ते असतील तर एका नावामागे २० सेकंद गेले. सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामला स्वतःच्या मशीनचं पूर्ण नाव सापडलं नाही तर तो ६० सेकंद झोपतो.

सुरुवात 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ क्रिटिकल-चेन' या कमांडने करा; कोणती सेवा (मागे चालणारा प्रोग्राम) कोणासाठी थांबली ते ती दाखवते. प्रत्येक सेवेला लागलेला वेळ सांगणारी 'ब्लेम'ची यादीही बघा, पण तिच्यावर विसंबू नका, कारण दुसऱ्यासाठी थांबलेली सेवाही तिथे दोषी दिसते. नंतर 'जर्नलसीटीएल'मध्ये चालू बूटची नोंद उघडा आणि दोन ओळींच्या वेळेत मोठी फट कुठे आहे ते शोधा. फटीनंतर लगेच बोललेली सेवा पहिली संशयित.

नेटवर्क जोडलं जाण्याची वाट पाहणारी वेट-ऑनलाइन नावाची सेवा १२० सेकंद खात असेल तर तो डीएनएसचा दोष नाही. बहुतेक वेळा सर्व्हरचा दुसरा लॅन पोर्ट रिकामा असतो आणि नेटवर्क सांभाळणारा सिस्टमडी-नेटवर्कडी त्याचीच वाट पाहत असतो. तो पोर्ट 'आवश्यक नाही' असा नोंदवा.

आता खरी चाचणी. 'टाइम गेटएंट होस्ट्स' आणि पुढे मशीनचं नाव, अशी कमांड द्या. इथे डीएनएसला थेट विचारणारी 'डिग' कमांड वापरू नका. ती होस्ट्स फाइल (मशीनवरचीच नावं-पत्त्यांची यादी) बघतच नाही, त्यामुळे तिचं उत्तर सेवांच्या अनुभवाशी जुळत नाही. सगळं सुरळीत असताना उत्तर झटकन येणारच, म्हणून राउटरमागची इंटरनेटची वायर काढून हीच कमांड पुन्हा चालवा. सर्व्हरची लॅन केबल काढू नका. तसं केलं तर बऱ्याचदा 'नेटवर्क नाही' ही चूक तत्काळ मिळते आणि दुखणं लपून राहतं.

वेळ लागला तर होस्ट्स फाइलमध्ये मशीनची ओळ घाला: आधी पत्ता, मग पूर्ण नाव, शेवटी छोटं नाव. हा क्रम उलटा झाला की सेंडमेल पुन्हा अडतो. नाव आधी कुठे शोधायचं ते ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलच्या होस्ट्स ओळीत 'फाइल्स' हा शब्द 'डीएनएस'च्या आधी हवा. बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कांच्या यादीत, म्हणजे एफएसटॅबमध्ये, एनएफएसचं (नेटवर्कवरच्या फोल्डरचं) माउंट नावाने दिलं असेल तर आयपी लिहा आणि 'नोफेल' जोडा, नाहीतर माउंटची वाट पाहत बूट अडकू शकतं.

डीएनएसच्या उत्तराचा टाइमआउट २ सेकंद आणि प्रयत्न १ केला तर थांबणं बरंच कमी होतं, पण लाइन मंद असेल तर चांगली उत्तरंही हुकतील. हा बदल शेवटी करा, आणि मशीनचं नेटवर्क नेटवर्कमॅनेजर सांभाळत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये करा. रिझॉल्व्ह-कॉन्फमध्ये हाताने लिहिलेलं पुढच्या बूटला पुसलं जाऊ शकतं.

डीएनएस धडधाकट असून दरवेळी नेमके ५ सेकंद जात असतील तर फायरवॉल तपासा. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चे प्रश्न एकाच सॉकेटवरून (जोडणीवरून) जातात आणि काही फायरवॉल त्यातल्या एकाचं उत्तर गिळतात. रिझॉल्व्ह-कॉन्फचा 'सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' हा पर्याय यावर चालतो. डीएनएसचा ५३ नंबरचा पोर्ट फायरवॉलमध्ये बंदच ठेवायचा असेल तर 'ड्रॉप'ऐवजी (गुपचूप टाकून देणं) 'रिजेक्ट' लावा. नकार लगेच मिळतो.

शेवटी इंटरनेटची वायर काढलेली ठेवूनच सर्व्हर रीबूट करा आणि 'सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ'चा नवा आकडा जुन्याशेजारी लिहून ठेवा.