सरकत्या गेटला कुलूप घेताय? आधी गेट उचलून बघा

स्लायडिंग गेटला कुलूप घ्यायचं म्हटलं की लोक दुकानात जाऊन एकच विचारतात, "सगळ्यात जड कुठलंय?" आणि गडबड तिथेच होते. दोन पल्ल्यांच्या गेटला जे चालतं ते सरकत्या गेटला चालेलच असं नाही, कारण हे गेट बाजूला ओढून उघडतं आणि खाली नुसतं चाकांवर उभं असतं, बिजागरी वगैरे काही नसते. जळगाव-धुळ्याकडे आता नवीन कॉलनीत जागा कमी म्हणून दर दुसऱ्या घराला हेच गेट दिसतं, गेटवर बक्कळ खर्च करतात, पॉलिश केलेला दगड लावतात, आणि कुलूप मात्र घरात पडलेलं जुनं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळे गावी गेलेले, मे महिन्यात घरचे झाडून गच्चीवर झोपलेले, मग खाली गेट नीट लागलेलं नको का?

तर पहिलं काम कुलपाचं नाहीच. गेट बंद करा, वरून कोणालातरी धरायला सांगा आणि खालच्या पाइपाला हात घालून गेट थोडंसं वर उचलून बघा. चाकाची खाच काही फार खोल नसते, साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर गेट वर आलं की चाक रुळाच्या अँगलवरून सुटतं, मग पहारीने एक बाजू उचलून गेट तिरकं केलं की माणूस आत, तुमचं महागाचं कुलूप तसंच लटकलेलं. आमच्याकडचे जुने वेल्डिंगवाले सांगतातच, "आधी गेट उचली देख भाऊ, मंग कुलूप ले." उपाय सोपा आहे, गेटला वरून सरळ धरून ठेवणाऱ्या गाइड रोलरच्या ब्रॅकेटला गेटच्या डोक्यावर येईल असा अँगलचा तुकडा वेल्ड करून घ्या, मधे ४-५ मिलिमीटर जागा ठेवा म्हणजे गेट पळेल पण वर उठणार नाही. आणि त्याच वेळी दोन्ही टोकांना स्टॉपर आहेत का तेही बघा, नसतील तर आजच लावा, कारण गाइडमधून निसटलेलं गेट अंगावर पडून लेकरं जिवानिशी गेलीत, हे कुलपापेक्षा मोठं आहे.

आता कुलूप. गेटमधेच बसणारं हवं असेल तर दुकानात "स्लायडिंग गेटचं हुक लॉक" असंच मागा. साध्या दरवाजाच्या लॉकची सरळ जीभ खांबात ज्या रेषेत जाते त्याच रेषेत गेट मागे ओढलं की ती बाहेर येते, म्हणजे ते लॉक इथे काहीच अडवत नाही. हुक मात्र खांबावरच्या पट्टीच्या मागे जाऊन अडकतो. दुकानातच चावी फिरवून बघा हुक वर वळतो का खाली, कारण हुक गेटवर असतो, आणि खाली वळणारा असला तर गेट उचललं की तोही पट्टीतून सुटायला बघतो, वर वळणारा उलट अजून घट्ट बसतो. एक वर एक खाली असे दोन हुक असलेलं मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या. जायच्या आधी गेटच्या उभ्या पाइपाचं माप घ्या, लॉकची पेटी त्यात बसली पाहिजे, नाहीतर मग वेल्डिंगवाला पाइप कापून कापून तिथेच कमजोर करून ठेवतो. सिलेंडर, म्हणजे चावी घालायचा भाग, बाहेर २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावला नको, जास्त आला तर पान्ह्यात धरून मोडता येतो.

खान्देशात अजून एक भानगड आहे जी दुकानदार सांगत नाही. तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, त्यामुळे पाया वरवरचा असला की गेटचा कॉलम हळूहळू कलतो आणि काल लागणारं लॉक आज लागत नाही. त्यात ऊन. लोखंड एका मीटरला दर अंशामागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढतं, म्हणजे ४ मीटरचं गेट थंडीत पहाटे १० अंशावर आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात तापून ६० अंशावर गेलं तर लांबीत जवळपास अडीच मिलिमीटरचा फरक पडतो! म्हणून खांबावरची पट्टी एकदम टाइट वेल्ड करू देऊ नका, लांबट भोकं पाडून बोल्टवर बसवून घ्या म्हणजे पुढेमागे, वरखाली सरकवता येते, आणि बोल्टचं डोकं बाहेरून पान्हा लागणार नाही असं आतल्या बाजूला ठेवा. हुक कुठे घासतोय ते कळत नसेल तर हुकाला खडू फासा, लॉक लावा, उघडा, पट्टीवर जिथे पांढरं उमटेल तिथेच कानस मारायची.

बाहेरून लटकवायचंच कुलूप वापरणार असाल तर वजनावर जाऊ नका, दांडी बघा. १० मिलिमीटरच्या वरची, हार्डन केलेली दांडी पाहिजे, आणि ती कमीत कमी उघडी दिसली पाहिजे, कारण दांडी जितकी लांब बाहेर तितका कटर नाहीतर पहार घालायला वाव. शटरला लावतात ते गोल कुलूप याच कारणाने चांगलं, त्याची दांडी जवळपास दिसतच नाही, पण त्याला कडी पण त्याच मापाची लागते. सहा-आठ लिव्हरचं चांगलं कुलूप आणि ते स्क्रूवर बसवलेल्या पातळ कडी-कोयंड्यात, हे मी सगळ्यात जास्त बघतो, आणि चोर अशा वेळी कुलपाला हातही लावत नाही, कडीच उपटतो. कडी जाड पट्टीची आणि वेल्ड केलेलीच घ्या. हार्डवेअरमधे मिळते ती साधी साखळी तर विसराच, कटरने लगेच तुटते.

गेट जाळीचं किंवा सळयांचं असेल तर बाहेरून हात घालून आतली कडी काढता येते का ते रस्त्यावर उभं राहून स्वतः करून बघा. येत असेल तर लॉकच्या चारही बाजूला हातभर पत्र्याची पेटी करून घ्या.

धुळीचं पण सांगतो. शेतात, जिनिंगजवळ किंवा केळीच्या गाड्या जातात अशा रस्त्याला घर असेल तर कुलपात तेल ओतू नका, तेलाला धूळ चिकटून आत चिखल होतो, ग्रॅफाइट पावडर मारा. लटकतं कुलूप चावीचं भोक खाली येईल असं लावा म्हणजे पावसाचं पाणी आत राहत नाही.

मोटरवालं गेट असेल तर वेगळं लॉक कशाला असं वाटतं. वर्म गिअरची (गेट ढकललं तरी उलटी न फिरणारी) मोटर बंद असताना गेट धरून ठेवते हे खरं, पण लाइट गेली की हाताने सरकवायला जी रिलीजची चावी असते ती कित्येक मॉडेलची सारखीच असते, म्हणून रात्रीला आणि बाहेरगावी जाताना वेगळं हुक लॉक असू द्या. फक्त लॉक लागलेलं असताना कोणी रिमोट दाबला तर रॅकचे, म्हणजे गेटवरच्या दातेरी पट्टीचे, दाते जातील नाहीतर मोटर जळेल, तेव्हा लॉक लावलं की मोटरचा स्विच बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. बोटाच्या ठशाचं स्मार्ट लॉक मी तरी पश्चिमेकडे तोंड असलेल्या गेटला लावू देणार नाही, आपल्याकडच्या उन्हात बॅटरी आणि प्लास्टिक दोन्हीचा जीव जातो. सावली असेल, वर छज्जा असेल आणि लॉकवर आयपी ६५ (धूळ-पाणी आत जात नाही याची खूण) लिहिलेलं असेल तर विचार करा, तेही सोबत साधी चावी चालत असेल तरच.

आणि हुक लॉक दोन्ही बाजूने चावी लागणारं घेतलंत तर एक चावी आत ठरलेल्या जागी, बाहेरून हात न पोचेल पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अंधारातही सापडेल अशी टांगून ठेवा, रात्री आग लागली, कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर चावी शोधत बसायची वेळ यायला नको.