मित्रांसोबत बाथला वीकेंड? आम्ही केल्या त्या चुका तुम्ही टाळा

आमच्यातला एक जण सॅकमध्ये टॉवेल आणि स्विमिंगची चड्डी घेऊन रोमन बाथ्सच्या लाइनीत उभा होता, आणि आत गेल्यावर त्याने तिथल्या बाईंना पहिला प्रश्न विचारला की कपडे कुठे बदलायचे. आम्ही पोट धरून हसलो, पण खरं सांगायचं तर मनातून आम्हा सगळ्यांनाच तसंच वाटत होतं. आपल्या डोक्यात गरम पाण्याचं कुंड म्हणजे वज्रेश्वरी-गणेशपुरी, नाहीतर कोकणातलं उन्हवरे, म्हणजे गेलो, उतरलो, अंग शेकलं, बाहेर आलो आणि वडापाव खाल्ला. इंग्लंडमधल्या बाथचं तसं नाही. इथे बघायचं कुंड वेगळं आणि डुंबायचं कुंड वेगळं, आणि हे माहीत नसलं की अख्खा वीकेंड तिथेच गंडतो.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. रोमन बाथ्स हे म्युझियम आहे. ते हिरवं पाणी फोटोत भारी दिसतं, पण तो हिरवा रंग शेवाळाचा आहे, वर छप्पर नाही, ऊन पडतं, शेवाळ वाढतं, रोमन काळात छप्पर होतं तेव्हा असं नव्हतं. तळाला अजून रोमन लोकांनी घातलेले शिशाचे पत्रे आहेत. आणि 1978 मध्ये इथल्या पाण्यात पोहलेली एक मुलगी अमिबाच्या संसर्गाने गेली, त्यानंतर इथल्या झऱ्याच्या पाण्यात पोहणं बंदच झालं. त्यामुळे हात घालू नका अशा पाट्या आहेत त्या उगाच नाहीत, आपली जित्याची खोड आवरा.

डुंबायचं असेल तर थर्मे बाथ स्पा. हा 2006 मध्ये सुरू झाला, पाणी त्याच झऱ्यांचं, पण खोल बोअर मारून काढलेलं आणि शुद्ध केलेलं. गच्चीवर उघडा पूल आहे, थंडीत वाफा निघत असतात आणि समोर बाथ ॲबीचा, म्हणजे तिथल्या जुन्या मोठ्या चर्चचा, टॉवर दिसतो, त्या एका गोष्टीसाठी बाथला जावं असं माझं मत. आता इथे आम्ही तीन चुका केल्या. एक, बुकिंग केलं नाही. शनिवार संध्याकाळचे स्लॉट आधीच भरलेले असतात आणि आम्ही पोचून 'बघू' म्हणणारे, शेवटी रविवारी सकाळचा मिळाला तोसुद्धा नशिबाने. दोन, एका जोडप्याने नऊ वर्षांच्या मुलाला आणलं होतं आणि तिथे 16 वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही, त्यामुळे आधी नवरा आत आणि वहिनी बाहेर मुलाला घेऊन, मग उलटं. तीन, टी-शर्ट आणि बर्म्युडा घालून उतरता येईल असं काही जणांना वाटलं. नाही हो, नीट स्विमिंग कॉस्च्यूम लागतो, ऐनवेळी विकत घ्यायला गेलं तर आवडीचा नाही, मिळेल तो घ्यावा लागतो. टॉवेल मात्र तिथे मिळतो, तो घरून वाहून नेऊ नका. पैंजण, चांदीची चेन, जोडवी काढून ठेवा, खनिजांच्या पाण्यात ती काळवंडली तर मग चिडून उपयोग नाही.

स्लॉट साधारण दोन तासांचा असतो, आणि त्यात कपडे बदलणं आलंच, त्यामुळे आत जाऊन लॉकरजवळ अर्धा तास गप्पा मारत बसू नका. आधी भरपेट जेवूनही जाऊ नका, आमच्यातल्या एकाने सकाळी भरपेट नाश्ता हाणून मग वाफेच्या खोलीत मुक्काम ठोकला आणि त्याला गरगरायला लागलं. पाणी प्या, मध्ये बाहेर येऊन बसा, एवढं पुरतं.

म्हणून माझं सरळ म्हणणं, ट्रिप ठरली की पहिल्यांदा स्पाचा स्लॉट बुक करा, मग हॉटेल, मग ट्रेन, मग बाकी सगळं. आम्ही अगदी उलट केलं, आधी ट्रेन, मग दोन आठवडे व्हॉट्सॲपवर हॉटेलवरून भांडण, आणि ज्यासाठी चाललोय ते सगळ्यात शेवटी.

आता रोमन बाथ्सकडे परत येतो, कारण डुंबता येत नाही म्हणून ते वगळायचं ही दुसरी चूक, आणि आमच्यातले दोघं ती करणार होते. तिकीट ऑनलाइन आधी काढा, वीकेंडला दर जास्त असतो, आणि ऑडिओ गाइड तिकिटातच असतो तो कानाला लावा, नाहीतर अर्ध्या तासात 'झालं बघून' म्हणत बाहेर याल. आम्ही वरच्या गॅलरीतले सम्राटांचे पुतळे बघून 'दोन हजार वर्षं जुने!' करत फोटो काढत बसलो, आणि नंतर कळलं की तो वरचा सगळा भाग 19व्या शतकाच्या शेवटी बांधलेला. रोमन काम खाली आहे, कुंड, पायऱ्या आणि खांबांचे बुंधे. तिथे रोज 11 लाख 70 हजार लिटर पाणी वर येतं, 46 अंश सेल्सिअसचं. हे पाणी म्हणजे हजारो वर्षांपूर्वी मेंडिपच्या डोंगरांवर पडलेला पाऊस, तो जमिनीत किलोमीटरभर नाही, दोन-तीन किलोमीटरपेक्षाही खोल मुरतो, तापतो आणि खडकांच्या भेगांतून इथे वर येतो.

पण मला सगळ्यात आवडलं ते शापांचे पत्रे. शिशाच्या पातळ पत्र्यांवर लोकांनी देवीला तक्रारी लिहून, घडी करून झऱ्यात टाकल्यात, असे साधारण 130 सापडलेत. देवी सुलिस मिनर्व्हा, म्हणजे स्थानिक सुलिस आणि रोमनांची मिनर्व्हा एकत्र. दोकिमेडिस नावाच्या कुणाचे तरी दोन हातमोजे चोरीला गेले, तर तो देवीला म्हणतो चोराची बुद्धी आणि डोळे जाऊदेत! दोन हातमोज्यांसाठी. बाकीच्यांचीही कुणाची शाल, कुणाचे पैसे, आणि चोर बाई असो की पुरुष, गुलाम असो की स्वतंत्र, त्याला सोडू नकोस. आमच्यातली मालवणची मैत्रीण म्हणाली, अरे हे तर गाऱ्हाणंच की, फक्त गुरवाऐवजी पत्रा. मी तिथे वीस मिनिटं उभा होतो. इथे घाई करू नका.

बाहेर पडताना ते पाणी चाखायला मिळतं. 43 खनिजं आहेत म्हणतात. कोमट, लोखंडी, उकडलेल्या अंड्याच्या पाण्यासारखी चव. घोटभर घ्या, बाटली भरायच्या भानगडीत पडू नका.

तिसरी चूक पायांची. बाथ नकाशात इटुकलं दिसतं म्हणून एक जण नवे बूट आणि एक जण चाकांची मोठी बॅग घेऊन आली. गाव वाडग्यासारखं आहे, स्टेशन तळाशी, बाकी सगळं चढावर. रॉयल क्रेसेंटपर्यंत बॅग ओढत गेलात तर मैत्री टिकणार नाही. हॉटेलची खोली दुपारीच मिळते, त्यामुळे आधी फोन करून बॅगा सकाळी ठेवून घ्याल का हे विचारा. आम्ही विचारलं नव्हतं, पावसात बॅगांसकट पुल्टनी ब्रिजवरच्या दुकानात उभे राहिलो (पुलाच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, आत असताना आपण पुलावर आहोत हे कळतच नाही).

रॉयल क्रेसेंट म्हणजे 1767 ते 1774 मध्ये बांधलेली 30 घरांची अर्धगोल ओळ. समोरच्या हिरवळीचा वरचा भाग तिथल्या रहिवाशांचा आहे, मध्ये एक खंदकासारखी भिंत आहे जी लांबून दिसत नाही, तिच्या पलीकडे चढून सेल्फी काढू नका. खालच्या पार्कातून फोटो छान येतो. आणि वेळ असेल तर मागच्या गल्लीत जाऊन बघा, पुढून सगळं एकसारखं, मागून प्रत्येक घर वेगळं, कारण लोकांनी पुढचा दर्शनी भाग विकत घेतला आणि मागे आपापल्या मनाप्रमाणे बांधलं. पुण्यातल्या सोसायट्यांच्या बाल्कन्या आठवल्या.

हॉटेलबद्दल थोडक्यात. वीकेंडला बरीच ठिकाणं दोन रात्रींशिवाय देत नाहीत, त्यामुळे एकच रात्र हवी असेल तर ब्रिस्टलला राहा, ट्रेनने पाव तास. आणि नोव्हेंबर अखेर ते डिसेंबर ख्रिसमस मार्केट असतं, तेव्हा 'शांत वीकेंड' ही कल्पना विसरा.

गाडी नेऊ नका असं मी म्हणेन. नेलीच तर न्यूब्रिज, लॅन्सडाउन किंवा ऑड डाउनच्या पार्क अँड राइडला लावा आणि बसने आत या, आम्ही दुसऱ्या खेपेला मध्यात पार्किंग शोधत पाऊण तास गोल गोल फिरलो. ट्रेन सोपी, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून साधारण दीड तास. तीन ते नऊ जणं एकत्र जात असाल तर ग्रुपसेव्ह ही रेल्वेची गटाची सवलत घ्या, ऑफ-पीक म्हणजे गर्दी नसलेल्या वेळेच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, पण सगळे एकाच गाडीत पाहिजेत, उशिरा उठणारा मागे राहिला तर त्याचं त्याने बघायचं. आणि लंडनहून एका दिवसात विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ अशी बस ट्रिप भारतातून आलेले पाहुणे हौसेने घेतात, त्यात बाथच्या वाट्याला फोटो काढण्यापुरता वेळ येतो, स्पा तर विसराच. आई-बाबांना नेलं तर मी एकट्या बाथसाठी अख्खा दिवस ठेवेन, त्यांना पायऱ्या नकोत आणि वाफेपेक्षा बाकावर बसून चहा जास्त आवडतो.

रविवारचा घोळ शेवटी. ॲबीत प्रार्थना असतात म्हणून आत बघायला वेळ कमी मिळतो, मोठी दुकानं कायद्याने फक्त सहा तास उघडी असतात, आणि रेल्वेची कामं नेमकी रविवारी काढतात. आमच्या ट्रेनऐवजी बस लागली होती आणि ते आम्हाला स्टेशनवर जाऊन कळलं. म्हणून शनिवारी रात्रीच ॲपमध्ये परतीची गाडी तपासा. आणि खायला काहीतरी बॅगेत असू द्या, आम्हाला त्या बसमध्ये तिखटमिठाच्या पुऱ्यांनी तारलं, डबा आणणाऱ्या वहिनींचं हिशेबातलं कॉफीचं बिल आम्ही सगळ्यांनी मिळून माफ केलं.