आमदाराची आर्थिक भूमिका नोंदींतून कशी तपासावी

गरिबांसाठीच्या योजनांवर आपला आमदार मनापासून खर्च करू पाहतो की नाही, हे भाषणातल्या मागणीवरून कळत नाही. त्या खर्चासाठी कुणाकडून कर घ्यायची त्याची तयारी आहे, हे पाहिल्यावर कळते. दोन्ही बाजू एकाच कागदावर मांडायच्या.

सुरुवातीला एकच योजना निवडा. उदाहरणार्थ, लाडकी बहीण. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ३६,००० कोटी रुपयांची तरतूद होती आणि राज्याची महसुली तूट, म्हणजे महसुली उत्पन्नापेक्षा जास्तीचा महसुली खर्च, ४५,८९१ कोटी अंदाजली होती. त्याच अर्थसंकल्पात खासगी सीएनजी गाड्यांवरचा कर एक टक्क्याने वाढला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे उत्पादन शुल्कही वाढवले. आता विधानमंडळाच्या संकेतस्थळावरून सभागृहाची कार्यवाही काढा आणि आमदार ही योजना आणि हे दोन कर या तिन्हींवर काय बोलला ते तारखेसह लिहून ठेवा. हप्ता १,५०० चा २,१०० करा म्हणणाऱ्याने पैशाची वाट दाखवली का? योजनेला उधळपट्टी म्हणणाऱ्याने कोणता खर्च कापायला सांगितला? यावर काहीच बोलला नसेल तर तेही लिहा.

आमदाराच्या हातात काय असते, हे ठाऊक नसेल तर निष्कर्ष चुकतो. आयकर केंद्राचा आहे. जीएसटीचे दर २०१७ पासून केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी परिषदेत ठरतात. राज्याकडे उरतात ते मुख्यतः पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, मद्यावरचे शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. व्यवसाय कराला तर राज्यघटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ‘आयकर कमी करा’ असे विधानसभेत कुणी कितीही जोरात म्हटले तरी त्यावरून त्याची करनीती ठरवू नका. मुद्रांक शुल्काबद्दल तो काय म्हणतो, ते शोधा.

मतदानावर फार विसंबू नका. अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांच्या खर्चाला मंजुरी मागणारे प्रस्ताव, बहुधा आवाजी मतदानाने मंजूर होतात, त्यामुळे कुणाचे मत कुठे गेले याची नोंदच राहत नाही. मतविभागणी, म्हणजे मतांची मोजणी, झालीच तर पक्षादेश (व्हिप) असतो आणि तो मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. शिवाय अनुदानाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीनेच येते. आमदाराला ती नाकारता येते, कमी करता येते, वाढवता येत नाही. विधान परिषदेचा सदस्य चर्चा करतो, पण मागण्यांवर त्याला मतच नाही.

सर्वाधिक घोळ कपात सूचनांमुळे, म्हणजे मागणीची रक्कम कमी करायला सांगणाऱ्या आमदारांच्या प्रस्तावांमुळे होतो. मागणी एक रुपयापर्यंत खाली आणण्याची सूचना धोरणालाच विरोध करते. ठरावीक मोठी रक्कम कापायला सांगणारी सूचना काटकसरीसाठी असते. शंभर रुपयांची सूचना मात्र फक्त तक्रार मांडण्यासाठी असते. आश्रमशाळांच्या मागणीवर शंभर रुपयांची कपात सुचवणारा आमदार आश्रमशाळांच्या विरोधात नाही. बहुतेक वेळा तो त्यांच्या दुरवस्थेवर बोट ठेवत असतो.

यानंतर अर्थसंकल्पातले सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्चाचे रकाने पाहा. मार्चमध्ये तरतुदीचे स्वागत करणाऱ्या आमदाराने वर्षअखेर निधी अखर्चित राहिल्यावर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणारा प्रश्न, विचारला का? आम्ही या प्रश्नाला टाळ्यांच्या भाषणाहून जास्त वजन देतो. पुरवणी मागण्यांवरची, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चावरची भाषणेही सोडू नका. ती पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनांत सापडतील.

तुलनेसाठी महाराष्ट्रातलेच एक उदाहरण समोर ठेवा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि १९७७ च्या कायद्याने त्या कराच्या उत्पन्नाइतकीच रक्कम सरकारनेही रोजगार हमीच्या निधीत घालावी, असे ठरले. मजुराला काम देण्याची हमी आणि नोकरदाराच्या पगारातून होणारी कपात, दोन्ही कायद्यात लिहिलेली होती. तुमच्या आमदाराच्या मागणीपुढे असा रकाना आहे का, ते पाहा.