‘द्रॉगी’ : पोलिश भाषेतल्या एका विशेषणाबाबत या चुका टाळा

पोलिश शिकताना ‘द्रॉगी’ हे विशेषण पहिल्या काही आठवड्यांतच भेटते. त्याचे अर्थ दोन आहेत : महाग आणि प्रिय. मराठी माणसाची चूक नेमकी इथे सुरू होते, कारण ‘महाग’ आणि ‘प्रिय’ ही आपली दोन्ही विशेषणे अविकारी आहेत. महाग बंगला, महाग गाडी, महाग घर, सगळीकडे शब्द तोच राहतो. पोलिशमध्ये मात्र ‘द्रॉगी बिलेत’ (तिकीट, पुल्लिंगी), ‘द्रॉगा काव्हा’ (कॉफी, स्त्रीलिंगी) आणि ‘द्रॉग्ये आउतॉ’ (मोटार, नपुंसकलिंगी) असे रूप बदलावे लागते. म्हणून हा शब्द पाठ करताना ‘महाग’शी नव्हे, तर ‘चांगला-चांगली-चांगले’ या त्रयीशी जोडावा.

नाम न घेता एखाद्या ठिकाणी महाग आहे असे सांगायचे असेल, तर विशेषण चालत नाही, क्रियाविशेषण लागते : ‘तू येस्त द्रॉगॉ’, म्हणजे ‘इथे सगळे महाग आहे’. किमतीलाही हे विशेषण लावू नये. वस्तू महाग असते, किंमत ‘विसॉका’, म्हणजे उंच असते. आपणही भाव चढे आहेत असेच म्हणतो.

‘द्रॉगा’ हे नाम म्हणून आले की त्याचा अर्थ रस्ता होतो आणि त्याचे अनेकवचन पुन्हा ‘द्रॉगी’च. त्यामुळे ‘द्रॉगी’ म्हणजे महाग की रस्ते, हे वाक्यातील संदर्भावरून ओळखावे लागते; ‘द्रॉग्ये द्रॉगी’ म्हणजे महागडे रस्ते.

पत्राच्या मायन्यातील चूक अधिक खटकते. अनोळखी अधिकाऱ्याला ‘द्रॉगी पाञे’ लिहिणे म्हणजे नको तितकी सलगी दाखवणे. तिथे ‘शानॉव्नी पाञे’, म्हणजे ‘आदरणीय महोदय’, हेच योग्य. मित्र-मैत्रिणीला लिहिताना विशेषण तसेच राहते, पण नाव संबोधनात जाते : आन्नाला ‘द्रॉगा आन्नॉ’, मारेकला ‘द्रॉगी मार्कू’. ‘मित्र’चे ‘मित्रा’ करणाऱ्या आपल्याला हे अवघड जाऊ नये.

पुरुषांचा समावेश असलेल्या समूहाला उद्देशून ‘द्रॉद्झि’ हे वेगळे रूप येते, तर केवळ स्त्रियांसाठी ‘द्रॉग्ये’. ‘द्रॉद्झि’मधला उच्चार ‘जाळे’तील दंत्य ‘ज’चा आहे, मात्र पुढे इकारासारखा स्वर आल्यामुळे आपली जीभ सवयीने ‘जीव’मधल्या तालव्य ‘ज’कडे वळते. आधी ‘जाळे’ म्हणावे, जीभ दातांपाशी तशीच ठेवावी आणि मग ‘द्रॉद्झि’ म्हणावे.